‘कमीत कमी’ म्हणजे किती?



तुम्ही आता वाचू लागला आहात. अक्षर लागले, काना-मात्रा लागल्या, जोडाक्षरेही हळूहळू लागत आहेत. आकडे मात्र तुम्हांला आधीपासूनच लागत होते. हिशेबाच्या बाबतीत आपला शेतकरी कधी अडाणी नव्हता. कापूस किती क्विंटल झाला, केळीचे घड किती उतरले, दुकानात उधारी किती राहिली, हे तो कागदाशिवाय सांगतो. पावकी, निमकी, दिडकी पाठ म्हणणारी म्हातारी माणसे मी स्वतः पाहिली आहेत. तेव्हा आज मी आकडे शिकवायला उभा राहिलेलो नाही.

आकड्याच्या शेजारी एक लहानसा शब्द बसलेला असतो. आज त्याच्याविषयी बोलायचे आहे. शब्द लहान, पण काम मोठे. आकडा तोच राहतो आणि शेजारचा शब्द बदलला की अर्थ बदलतो. कधी कधी पैसेही बदलतात.

पाहा बरे. कापूस वेचायला माणसे हवी आहेत. मी चार प्रकारे निरोप पाठवतो.

दहा तरी माणसं पाठव.
दहाच माणसं पाठव.
दहाएक माणसं पाठव.
दहापर्यंत माणसं पाठव.

चारही निरोपांत आकडा एकच. पण ‘दहा तरी’ म्हटले तर नऊ आले तर चालायचे नाहीत. अकरा आले, पंधरा आले तर चालतील. ‘दहाच’ म्हटले तर नऊही नकोत आणि अकराही नकोत. ‘दहाएक’ म्हटले तर एखादा कमी, एखादा जास्त, तक्रार नाही. जळगावहून धुळे नव्वदेक किलोमीटर आहे असे आपण म्हणतो ना, तसे. आणि ‘दहापर्यंत’ म्हटले तर पाच आले तरी चालतील, पण अकरावा माणूस परत जाईल.

हे तुम्हांला कोणी शिकवले नाही. आईच्या दुधाबरोबर ते आले. आपल्या भाषेत हे ‘तरी’, ‘च’, ‘एक’, ‘पर्यंत’ आकड्याच्या मागून चालतात. कान आपोआप तिकडे जातो.

इंग्रजी शब्द पुढे बसतो

अडचण येते ती इंग्रजीत. आज खताच्या पिशवीवर, औषधाच्या पाकिटावर, बियाण्याच्या पुडीवर, कर्जाच्या कागदावर इंग्रजी असते. मुले तर घरात बोलताना निम्मे इंग्रजी बोलतात. मुलगा म्हणतो, “बाबा, ॲट लीस्ट शंभर रुपये लागतील.” बाबा शंभराची नोट काढून देतात. दुपारी मुलगा पुन्हा हजर. “बाबा, कमी पडले.” बाबा चिडतात, “अरे, तूच शंभर म्हणाला होतास!” तो शंभर म्हणाला होता, पण ‘ॲट लीस्ट शंभर’ म्हणाला होता. बाबांनी आकडा ऐकला, आकड्याच्या पुढचा शब्द ऐकला नाही.

हा ‘ॲट लीस्ट’ आपण नीट समजून घेऊ.

इंग्रजीत ‘लिटल’ म्हणजे थोडे. ‘लेस’ म्हणजे त्याहून थोडे. ‘लीस्ट’ म्हणजे सगळ्यांत थोडे. थोडे, त्याहून थोडे, सगळ्यांत थोडे. एकदा माझ्याबरोबर म्हणा: लिटल, लेस, लीस्ट. ‘ॲट लीस्ट टेन’ म्हणजे अगदी थोडे म्हटले तरी दहा. आपल्या भाषेत ‘कमीत कमी दहा’. पुस्तकी भाषेत ‘किमान दहा’. घरच्या भाषेत ‘दहा तरी’ किंवा ‘निदान दहा’.

रोजच्या बोलण्यातली वाक्ये पाहा.

‘आय नीड ॲट लीस्ट टेन मेन.’ मला दहा तरी माणसे हवीत.
‘वेट ॲट लीस्ट फोर अवर्स.’ कमीत कमी चार तास थांबा.
‘ब्रिंग ॲट लीस्ट टू फोटोज.’ निदान दोन फोटो आणा.

तिन्ही वाक्यांत ‘ॲट लीस्ट’ कोठे बसला आहे? आकड्याच्या पुढे. म्हणून इंग्रजी कागदावर आकडा दिसला की बोट त्याच्यावर ठेवा आणि ते बोट डावीकडे सरकवा. तेथे कोण बसले आहे ते वाचा. मग अर्थ करा.

कधी कधी ‘ॲट लीस्ट’ आकड्याशिवायही येतो. ‘ॲट लीस्ट कम वन्स.’ निदान एकदा तरी ये. ‘ॲट लीस्ट पाऊस तरी आला,’ असेही आपली शिकलेली मुले म्हणतात. तेथे ‘ॲट लीस्ट’ आणि ‘तरी’ दोन्ही आले, म्हणजे एकाच बैलाला दोन कासरे बांधले. पण असू द्या. बोलण्यात चालते.

नाव कमी, तोंड वर

आता एक गंमत ध्यानात घ्या. या शब्दात ‘कमी’ आहे, म्हणून मनाला वाटते की गोष्ट कमीची आहे. ती तशी नाही. ‘कमीत कमी दहा’ म्हटल्यावर दहाच्या खालची वाट बंद होते आणि वरची वाट मोकळी राहते. अकरा चाले, वीस चाले, शंभर चाले. नावात कमी, पण तोंड वर.

याच्या उलट ‘जास्तीत जास्त दहा’. इंग्रजीत ‘ॲट मोस्ट टेन’. येथे नावात जास्त आहे, पण तोंड खाली. नऊ चाले, चार चाले, एक चाले. अकरा मात्र नाही.

आपल्या जुन्या घरावरून सांगतो म्हणजे विसरायचे नाही. घराला जोते असते आणि वर धाबे असते. जोत्याच्या खाली घर नाही. धाब्याच्या वर घर नाही. ‘कमीत कमी’ हे जोते. ‘जास्तीत जास्त’ हे धाबे. कोणीही आकडा पुढे केला की पहिला प्रश्न विचारा: हे जोते की धाबे?

कागदावर हे दोघे वेगवेगळी टोपी घालून येतात. ‘मिनिमम’, ‘किमान’, ‘नॉट लेस दॅन’, ‘पेक्षा कमी नाही’, हे सगळे जोते. ‘मॅक्झिमम’, ‘कमाल’, ‘नॉट मोर दॅन’, ‘अप टू’, ‘पर्यंत’, हे सगळे धाबे. टोपी बदलली तरी माणूस तोच.

घेताना कमाल, विकताना किमान

बाजारात चला. साबणाची वडी घ्या, बिस्किटाचा पुडा घ्या, पाण्याची बाटली घ्या. त्यावर ‘एम.आर.पी.’ अशी तीन अक्षरे छापलेली असतात. त्यातला ‘एम’ म्हणजे मॅक्झिमम, कमाल. जास्तीत जास्त किरकोळ किंमत, सगळे कर धरून. हे धाबे आहे. दुकानदाराने त्याहून दोन रुपये कमी घेतले तर तो त्याचा खुशीचा मामला. त्याहून जास्त मात्र मागता येत नाही. “बाटली थंड करायला वीज लागते, म्हणून दोन रुपये वर द्या,” असे कोणी म्हटले तर आकडा दाखवा आणि ‘एम’ हे अक्षर दाखवा. भांडण करू नका, शांतपणे वाचून दाखवा. एवढ्यावरही ऐकले नाही तर ग्राहकांच्या तक्रारीसाठी १९१५ हा सरकारी फोन नंबर आहे.

आता माल विकायला चला. खानदेशात कापूस. सरकार दर वर्षी हमीभाव जाहीर करते. त्याचे पुस्तकी नाव ‘किमान आधारभूत किंमत’. किमान, म्हणजे जोते. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० रुपये हमीभाव जाहीर केला. तुमचा माल ठरलेल्या प्रतीचा असेल तर सरकारी खरेदी केंद्रावर हा भाव मिळतो.

येथेही आकड्याशेजारचा शब्द वाचावा लागतो. पूर्ण भाव आहे तो ८ टक्के ओलाव्याच्या मालाला. ओलावा त्याहून वाढला की भावात कपात होते. आणि १२ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा असला तर केंद्र माल घेत नाही. म्हणजे भाव हे जोते आणि ओलावा हे धाबे. दोन्ही एकाच व्यवहारात. ज्याने भावाचा आकडा वाचला आणि ओलाव्याचा वाचला नाही, त्याची गाडी केंद्रावरून परत येते. भाडे दोन्ही वेळचे त्याच्याच अंगावर. म्हणून कापूस वाळवून मग न्यावा.

हमीभाव हे धाबे नाही, हेही सांगून ठेवतो. २०२१-२२ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ६,०२५ रुपये होता. पण बाजार तेजीत गेला आणि २०२२ च्या सुरुवातीला महाराष्ट्रात कापूस १०,००० रुपयांच्या वर विकला गेला. त्या वेळी एखादा म्हणाला असता, “दादा, सरकारचाच भाव सहा हजार आहे, मी कोठून जास्त देऊ?” तर त्याने जोत्याला धाबे म्हटले असते. किमान भाव सांगून कोणी वरची वाट बंद करू पाहील, तर त्याला म्हणा, “भाऊ, किमान शब्दाचं तोंड वर असतं.”

म्हणून एक ओळ पाठ करा. विकत घेताना कमाल वाचावी, विकताना किमान वाचावी.

बियाण्याच्या पाकिटावरही हा शब्द आहे. कापसाच्या संकरित बियाण्याच्या पाकिटावर ‘जर्मिनेशन मिनिमम’ असे लिहून पुढे ७५ टक्के असा आकडा असतो. जर्मिनेशन म्हणजे उगवण. शंभर बियांतल्या ७५ तरी उगवल्या पाहिजेत, असे विकणाऱ्याने लिहून दिले आहे. ऐंशी उगवल्या तर उत्तम. साठच उगवल्या तर विचारायचा हक्क तुमचा. पण हक्क सांगायला पुरावा लागतो. म्हणून पाकीट, त्यावरची चिठ्ठी, दुकानाची पावती आणि पाकिटात थोडेसे बी, हे सगळे पीक घरात येईपर्यंत जपून ठेवावे. पाकीट बांधावर टाकून दिले की लिहिलेला शब्दही बांधावर गेला.

सरकारचे जोते

आता गावाच्या कारभाराकडे वळू. तेथे तर हे शब्द पदोपदी आहेत.

मतदान घ्या. राज्यघटनेत लिहिले आहे की मतदाराचे वय १८ वर्षांपेक्षा कमी नसावे. पूर्वी तेथे २१ होते. १९८८ मध्ये घटनेत दुरुस्ती करून १८ केले आणि १९८९ पासून ते लागू झाले. ‘नॉट लेस दॅन एटीन’, म्हणजे कमीत कमी अठरा. येथे एक बारीक फरक पाहा. ‘कमीत कमी अठरा’ म्हटले तर अठरा स्वतः आत आला. ‘अठरापेक्षा जास्त’ म्हटले तर अठरा बाहेर राहिला. इंग्रजीत ‘मोर दॅन’ आला की तो आकडा बाहेर, ‘ॲट लीस्ट’ आला की तो आकडा आत. मुलाला अठरा वर्षे पुरी झाली असतील तर “अजून एक वर्ष थांब” असे कोणाला म्हणता येणार नाही.

ग्रामपंचायत घ्या. कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीचे सदस्य सातपेक्षा कमी नसतात आणि सतरापेक्षा जास्त नसतात. सात हे जोते, सतरा हे धाबे. गावाच्या वस्तीप्रमाणे आकडा या दोहोंच्या मध्ये पडतो.

ग्रामसभा घ्या. सभा भरायला कमीत कमी किती माणसे हवीत? गावच्या मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढी. समजा, गावात ४०० मतदार आहेत. त्यांचे १५ टक्के म्हणजे ६०. साठ आणि शंभर यांत साठ कमी, म्हणून साठ माणसे हवीत. दुसऱ्या गावात २,००० मतदार आहेत. त्यांचे १५ टक्के म्हणजे ३००. तीनशे आणि शंभर यांत शंभर कमी, म्हणून तेथे शंभर पुरे. ‘यांपैकी जो कमी असेल तो’ हे शब्द इंग्रजीत ‘व्हिचेव्हर इज लेस’ असे असतात. एवढे शब्द कोणी वगळून वाचले तर दोन हजारांच्या गावात तीनशे माणसे गोळा करत बसावे लागेल. पहिल्या गावात मात्र एकोणसाठ माणसांवर सभा भरत नाही. तुम्ही घरी बसलात आणि साठावा माणूस तुम्हीच होता, असेही होऊ शकते!

आता सगळ्यांत चांगले उदाहरण सांगतो. भगिनींनी विशेष लक्ष द्यावे. १९९२ साली राज्यघटनेत ७३ वी दुरुस्ती झाली. १९९३ पासून ती लागू आहे. त्या दुरुस्तीने पंचायतीत स्त्रियांसाठी जागा राखल्या. किती? एक तृतीयांश, असे आपण म्हणतो. पण घटनेतले शब्द आहेत, एक तृतीयांशपेक्षा कमी नाहीत. म्हणजे कमीत कमी तिसरा हिस्सा. त्या ‘कमी नाहीत’ या दोन शब्दांनी वरची वाट मोकळी ठेवली. म्हणूनच २०११ मध्ये महाराष्ट्राने आपल्या कायद्यात स्त्रियांचा हिस्सा निम्मा केला. तिसऱ्या हिश्श्यावरून अर्ध्यावर गेलो, आणि राज्यघटनेला धक्का लागला नाही. तेथे ‘एक तृतीयांशच’ असे लिहिले असते तर ते जमले नसते. आज कितीतरी गावांत सरपंचाच्या खुर्चीवर आपली एखादी ताई बसलेली दिसते. तिला ती खुर्ची मिळाली त्यात या लहानशा शब्दाचाही वाटा आहे.

उलटेही घडते. रोजगार हमी ही आपल्या महाराष्ट्राची देणगी. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर उपयोगी पडली, वि. स. पागे यांनी ती कल्पना मांडली होती. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पुढे २००५ मध्ये साऱ्या देशासाठी कायदा झाला. त्यात शब्द होते: वर्षाला कमीत कमी शंभर दिवस काम. पण लोक काय म्हणू लागले? “शंभर दिवसांचं काम.” पुढचे दोन शब्द गळाले. जोत्याचे धाबे झाले. शंभर भरले की आता काम नाही, अशी समजूत पसरली. आपल्या राज्यात शंभराच्या वरच्या दिवसांचा खर्च राज्याने सोसण्याची सोय होती. ज्याला ते ठाऊक होते त्याने एकशे एकाव्या दिवशी काम मागितले. ज्याला ठाऊक नव्हते तो घरी बसला. पुढे कायदा बदलला, दिवसांचा आकडाही बदलला. शब्दाचा धडा मात्र तोच राहिला.

औषधाच्या पुडीवर

दवाखान्यातून गोळ्या आणल्या. ताप उतरण्यासाठी पॅरासिटामॉलची गोळी बहुतेक घरांत असते. मोठ्या माणसासाठी तिचा नियम दोन आकड्यांत आहे. एका वेळेपासून दुसऱ्या वेळेपर्यंत कमीत कमी ४ तास जाऊ द्यावे. आणि चोवीस तासांत ४ वेळांपेक्षा जास्त घेऊ नये. पहिला आकडा जोते, दुसरा धाबे. उलटे वाचले तर काय होईल? “चार तासांच्या आतच घ्यायची,” असे कोणी समजला तर गोळ्या अंगात साठतील. या गोळ्या फार झाल्या तर लिव्हरला इजा होते. लहान मुलांचे माप निराळे. ते डॉक्टरांनी वजन पाहून सांगायचे.

जुलाब झाल्यावर देतात त्या ओ.आर.एस.च्या पुडीला जोतेही नाही आणि धाबेही नाही. तेथे आकडा नेमका आहे. मोठ्या पुडीवर ‘एक लिटर पाणी’ लिहिलेले असेल तर बरोबर एक लिटर. लहान पुडी मिळते, तिचे पाणी कमी. तेही तिच्यावर लिहिलेले असते. जास्त लवकर गुण यावा म्हणून थोड्या पाण्यात पुडी घालायची नाही. पाणी फार झाले तर गुण यायचा नाही, थोडे झाले तर बाळाला बाधेल. शेजारी कोणताही शब्द नसेल तर आकडा जसा आहे तसाच पाळावा.

फळा मोठा, शब्द लहान

शहरात गेलात की दुकानावर मोठा फळा दिसतो. त्यावर हाताएवढ्या अक्षरांत लिहिलेले असते, ‘५० टक्के सूट’. जवळ जा. पन्नासाच्या डोक्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत ‘अप टू’ असे असते. अप टू म्हणजे पर्यंत. जास्तीत जास्त पन्नास. एका जुन्या सदऱ्यावर पन्नास आणि बाकी मालावर पाच टक्के सूट असली, तरी तो फळा खोटा ठरत नाही.

कर्जाच्या जाहिरातीत असते, ‘व्याज १० टक्क्यांपासून’. इंग्रजीत ‘फ्रॉम’ किंवा ‘स्टार्टिंग’. हा ‘पासून’ म्हणजे वेष पालटलेला ‘कमीत कमी’. दहा हे जोते झाले. तुम्हांला बारा लागेल, पंधरा लागेल, अठराही लागेल. जाहिरात देणाऱ्याची एक रीत ओळखून ठेवा. तुम्हांला मिळणारे असते तेथे तो ‘पर्यंत’ लिहितो. तुम्ही द्यायचे असते तेथे तो ‘पासून’ लिहितो. म्हणून विचारावे, “पासून-पर्यंत राहू द्या. मला स्वतःला किती? तेवढा आकडा कागदावर लिहा.” तो लिहिलेला आकडा वाचावा आणि मगच सही करावी.

सहीवरून आठवले. चेकवर रक्कम अक्षरी लिहिल्यावर शेवटी ‘फक्त’ किंवा ‘मात्र’ लिहितात. इंग्रजीत ‘ओन्ली’. ‘रुपये पाच हजार फक्त.’ हे कुलूप आहे. ‘पाच हजार’ एवढेच लिहून पुढची जागा मोकळी सोडली तर कोणी तेथे ‘नऊशे’ जोडील. जुन्या सावकारी हुंडीत याहून पक्के कुलूप असे. शंभराची हुंडी असली तर शंभर लिहून शिवाय ‘त्याचे निमे पन्नास, त्याचे दुप्पट पुरे’ अशा अर्थाचे लिहीत. म्हणजे एक आकडा बदलायचा तर दुसराही बदलावा लागे. आपले पूर्वजही आकड्याला एकटे सोडत नसत.

अठरा म्हणजे मुहूर्त नव्हे

आता शेवटची गोष्ट. ती पैशांची नाही.

लग्नासाठी कायद्याने मुलीचे वय कमीत कमी १८ आणि मुलाचे कमीत कमी २१ पाहिजे. आपल्या गावांत काय होते? मुलीला अठरावे संपत आले की घरात कुजबुज सुरू होते. अठरा पुरी झाली त्या महिन्यात मांडव. आणि बाप अभिमानाने सांगतो, “आम्ही कायदा पाळला.” पाळला, हे खरे. पण कायद्याने अठराव्या वर्षी लग्न करा असे म्हटलेले नाही. त्याने म्हटले, अठराच्या आत करू नका. अठराच्या वर एकोणीस आहे, वीस आहे, तेवीस आहे. मुलगी बारावी झाली असेल, तिला नर्सिंगला जायचे असेल, शिक्षिका व्हायचे असेल, तर वरची वाट मोकळी आहे. कायद्याने घातलेल्या जोत्याला आपणच धाबे करतो आणि पोरीची मान त्याखाली वाकवतो.

मजुरीचेही तसेच. किमान मजुरी म्हणजे याच्या खाली गेलात तर कायदा मोडला. एखादी बाई दिवसभर उन्हात वाकून चांगला, स्वच्छ कापूस वेचत असेल, तर तिला चार पैसे जास्त द्यायला कोणत्याही कायद्याने हात धरलेला नाही. ‘किमान’ हा शब्द सरकार लिहिते. त्याच्या वरची जागा आपल्या माणुसकीसाठी ठेवलेली असते.

घरचा अभ्यास

मी जुना हेडमास्तर आहे. अभ्यास दिल्याशिवाय सोडायचा नाही.

पहिला अभ्यास. घरातले कोणतेही एक पाकीट, पुडी किंवा कागद घ्या. त्यावरचे सगळे आकडे शोधा. प्रत्येक आकड्याच्या पुढचा आणि मागचा शब्द मोठ्याने वाचा. तो जोते आहे, धाबे आहे, की कुलूप, ते सांगा. इंग्रजी शब्द लागला नाही तर घरातल्या शाळकरी मुलाला विचारा. त्यात लाज नाही. तोही शिकेल, तुम्हीही शिकाल.

दुसरा अभ्यास. ही तीन वाक्ये आपल्या भाषेत सांगा. ‘कम विथ ॲट लीस्ट फाइव्ह पीपल.’ ‘टेक नॉट मोर दॅन टू टॅब्लेट्स.’ ‘पे रुपीज फाइव्ह हंड्रेड ओन्ली.’

तिसरा अभ्यास. पुढच्या ग्रामसभेला जा. गेल्यावर डोकी मोजा. किती पाहिजेत ते आता तुम्हांला काढता येते. कमी भरली तर उठून सांगा. पुरेशी असतील तर गुपचूप बसू नका, एक प्रश्न तरी विचारा. ‘एक तरी’ म्हटले आहे मी, हे ध्यानात घ्या. दोन विचारलेत तर मला आनंदच आहे.

तुम्ही वर्गात येऊन वाचायला शिकलात. आता रोज कमीत कमी एक पान वाचा. ‘कमीत कमी’ म्हणजे किती, हे आता मी सांगायला नको.